रोजच्या दिवसात हुरूप कुठून आणायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमचं जुनं घर आहे. त्याच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी सहा-सात जण जमतात. एकाने चाळिशीनंतर तबला धरलाय, एकजण साखर वाढली म्हणून चालायला लागलेत, एकीची बँकेची परीक्षा तिसऱ्यांदा आहे. मी मोडी लिपी शिकते आहे. ओट्यावर पुन्हा पुन्हा निघणारे प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे उतरवली आहेत. मी मानसशास्त्र शिकलेली नाही. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा "बाई, मन लागत नाही" हे वाक्य ऐकण्याचा अनुभव मात्र दांडगा आहे.

रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ पाहतो. दहा मिनिटं अंगात वारं भरतं, मग पुन्हा पलंग. असं का होतं?

कारण त्या व्हिडिओत पहिला दिवस असतो आणि शेवटचा दिवस असतो. मधले सगळे दिवस कापलेले असतात, आणि तुमच्या वाट्याला तर मधलाच दिवस आलेला असतो.

आपल्याच गावची गोष्ट घ्या. बडोद्याच्या गादीसाठी दत्तक निवडायचा म्हणून नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून 1875 साली तीन मुलगे बडोद्याला आणले गेले. "तुम्ही इथे कशाला आलात?" असं विचारल्यावर त्यातला बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला, "राज्य करायला." ही गोष्ट बडोद्यातल्या प्रत्येक मराठी घरात सांगतात. ती सांगताना आजोबांचा आवाजही चढतो. पण मला त्या उत्तरापेक्षा त्याच्या दुसऱ्या दिवसाचं कुतूहल जास्त आहे. शेतकऱ्याच्या घरातल्या त्या मुलाला तोवर जवळजवळ अक्षरओळखही नव्हती. ज्या वयात इतर मुलं अपूर्णांक करतात, त्या वयात तो बाराखडी गिरवायला बसला. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, चारही भाषा एकदमच. इलियट नावाचे शिक्षक, ठरलेलं वेळापत्रक आणि जवळजवळ सहा वर्षं तेच. 1881 साली राज्याचा कारभार हातात आला तेव्हा गोपाळचे महाराज सयाजीराव गायकवाड झाले होते. त्या सहा वर्षांत त्याला किती वेळा कंटाळा आला असेल, ते कोणी सांगत नाही. दत्तक जाण्याची गोष्ट ऐकून कोणाचा अभ्यास होत नाही. त्या मुलाच्या वेळापत्रकाचा विचार केला तर निदान वही उघडावीशी वाटते.

म्हणून ओट्यावर आमचा एक नियम आहे. कोणीही कोणाची भव्य गोष्ट सांगितली की बाकीच्यांनी विचारायचं, "बरं, मग दुसऱ्या दिवशी काय केलं?"

हुरूप आल्यावर काम सुरू करावं, की काम सुरू केल्यावर हुरूप येतो?

माझ्या अनुभवात दुसरं खरं. शाळेत गणित आवडत नाही म्हणणाऱ्या मुलांना मी "आवडून घ्या" असं कधी सांगितलं नाही. फळ्यावर निम्मं सोडवलेलं गणित ठेवायचे आणि खाली बसायचे. निम्मं झालेलं काम माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आजही मी मोडीचं पान अर्ध्या ओळीवर सोडून उठते. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हा प्रश्नच उरत नाही.

वेळच मिळत नाही. मकरपुऱ्याच्या कारखान्यात शिफ्ट, येऊन-जाऊन दहा-अकरा तास जातात.

खरं आहे, आणि "पहाटे चारला उठा" असं मी सांगणार नाही. शिफ्टवाल्याने झोप कापून कसला विकास साधायचा?

पण एक प्रयोग करून पाहा. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बरीच वर्षं एका साध्या गोष्टीचा अभ्यास केला. "मी व्यायाम करीन" असं नुसतं ठरवणारी माणसं आणि "अमुक झालं की लगेच तमुक करीन" असं ठरवणारी माणसं, यांत दुसऱ्यांच्या हातून काम जास्त वेळा पार पडतं. कारण ऐन वेळी निर्णय घ्यावा लागत नाही. तो आधीच झालेला असतो. ही अमुक गोष्ट मात्र रोज आपोआप घडणारी हवी. "वेळ मिळाला की" ही अट चालत नाही. वेळ कधी मिळतो का? माझी अट अशी: दुपारचा चहाचा कप विसळून पालथा घातला की मोडीची वही उघडायची. कप रोज विसळावाच लागतो.

आमच्यातले एक जण कंपनीच्या बसने जातात. बसमध्ये बसून पट्टा लावला की पाच इंग्रजी शब्द, असं त्यांनी ठरवलं. सहावा शब्द करायचा नाही हेही ठरवलं. हे दुसरं जास्त शहाणपणाचं, कारण पहिल्या आठवड्यात सगळेच पन्नास शब्द करतात.

आम्हा बडोदेकरांचा स्वभावच "चालशे" (गुजरातीत "चालेल") म्हणायचा. त्याचं काय करायचं?

वापरायचा. पाऊण तास फिरायचं होतं, दहा मिनिटंच झालं? चालशे. दोन पानं वाचायची होती, अर्धंच झालं? चालशे. "आज राहू दे" याला मात्र चालशे म्हणायचं नाही. पुण्याच्या मावशीला हा शब्द आळशीपणाचा वाटतो. तिने गेल्या पाच वर्षांत तीन वेळा योगासनं सुरू केली आणि तीनही वेळा रोज एक तासाच्या हट्टापायी सोडली.

21 दिवसांत सवय लागते म्हणतात. माझे 40 झाले, अजून रोज ढकलावंच लागतं.

हा आकडा सवयींचा नाहीच. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन होते. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा रुग्णाला आपला वाटायला किमान 21 दिवस लागतात, असं निरीक्षण त्यांनी 1960 च्या सुमारास मांडलं. त्यातला "किमान" वाटेत गळून पडला आणि नाकाचा आकडा सगळ्या सवयींना चिकटला.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात झालं. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांना रोजची एकेक नवी गोष्ट निवडायला सांगितली: जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, जेवणाआधी धावणं अशा. ती आपसूक व्हायला सरासरी 66 दिवस लागले. मला सरासरीपेक्षा विस्तार महत्त्वाचा वाटतो. तो 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत होता. पाणी पिण्याची सवय लवकर लागते, व्यायामाची उशिरा. तेव्हा चाळीस दिवसांनी ढकलावं लागत असेल तर तुमच्यात काही खोट आहे असं मुळीच समजू नका.

मध्येच एखादा दिवस चुकला तर?

त्याच अभ्यासात आढळलं की एखादा दिवस चुकल्याने फारसा फरक पडत नाही. चुकलेल्या दिवसापेक्षा त्या दिवसाचं सुतक जास्त नुकसान करतं.

नवरात्रात नऊ रात्री गरबा. सगळंच मोडतं. मग?

मोडू दे. बडोद्यात राहून नवरात्रात रात्री साडेदहाला झोपणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. रात्री दोन तास गोल फिरलात तो व्यायाम झालाच, पुढे सेव-उसळ खाल्लीत ते सोडून द्या. फक्त परत कधी सुरू करायचं ते घटस्थापनेलाच ठरवून ठेवा. दसऱ्याला पाटीपूजन असतंच, तोच मुहूर्त. नवा आठवडा, नवं वर्ष, वाढदिवस अशा टप्प्यांवर माणसं व्यायामशाळेकडे जास्त वळतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये आकडे मांडून दाखवलं. आपल्याकडे पाडवा आणि दसरा हे दोन टप्पे आयते आहेत. साडेतीन मुहूर्तांची सोय ज्याने केली त्याला माणसाचं मन चांगलंच ठाऊक असणार.

वय अठ्ठावन्न. आता काय शिकणार?

आमच्या घरापासून थोड्या अंतरावर अरविंद निवास आहे. अरविंद घोष 1893 साली बडोद्यात नोकरीला आले तेव्हा विशीत होते. सातव्या वर्षापासून इंग्लंडमध्ये वाढलेले, ग्रीक-लॅटिनमध्ये पारंगत, पण स्वतःची बंगाली धड येत नव्हती. ती ते बडोद्यात शिकले, संस्कृतही इथेच. इथल्या कॉलेजात शिकवता शिकवता स्वतः विद्यार्थी झाले. तुम्ही म्हणाल, वीस कुठे आणि अठ्ठावन्न कुठे. बरोबर आहे, स्मरणशक्तीत फरक पडतो. मोडीतलं "ब" आणि "र" मी इतक्या वेळा विसरले आहे की आता मोजत नाही. पण मला विचारायचं आहे ते असं: ज्या कॉलेजात लोक तुम्हाला विद्वान समजतात तिथे मुळाक्षरांपासून सुरुवात करायला किती लाज बाजूला ठेवावी लागली असेल? मोठ्या वयात शिकण्यात आड येते ती हीच लाज. ज्या शाळेत मी वरिष्ठ शिक्षिका होते तिथली माझी एक विद्यार्थिनी आता मला मोडी शिकवते. पहिले दोन महिने मी तिला चूक दाखवू द्यायचे नाही. ते दोन महिने वाया गेले.

न्यू जर्सीतल्या चुलतभावाचे फोटो पाहिले की आपण काहीच केलं नाही असं वाटतं.

बडोद्यात हा प्रश्न प्रत्येक गल्लीत निघतो. त्याच्याशी तुलना करायचीच तर पूर्ण करा: त्याचं घराचं कर्ज, बर्फ उपसणं आणि आईच्या आजारपणात व्हिडिओ कॉलवर रडणं, सगळं धरून. इतकं कोणी करत नाही. मग निदान रात्री जेवणानंतर फोन पाहू नका.

मी काय ठरवलंय ते सगळ्यांना सांगावं का? म्हणजे मागे हटता येणार नाही.

एका-दोघांनाच सांगा, आणि तेही रोज विचारतील अशांना. वर ज्यांचा उल्लेख केला त्या गॉलविट्झर यांनी 2009 मध्ये दाखवलं, की "मी अमुक होणार" असं जाहीर केल्यावर आणि ऐकणाऱ्याने मान डोलावल्यावर माणसाला थोडंसं तसं झाल्यासारखंच वाटतं, आणि मेहनत कमी होते. मी मोडी शिकणार हे मी आधी पंचवीस जणांना सांगून बसले होते. "अरे वा" ऐकण्यातच तीन महिने गेले. वही आणलीच नव्हती.

मुलांनी मराठी वाचावं असं वाटतं. पानामागे दहा रुपये देऊ का?

नको. 1971 साली एडवर्ड डेसी यांनी विद्यार्थ्यांना तुकडे जुळवायची कोडी दिली. काहींना कोडं सुटलं की एक डॉलर मिळे, काहींना काहीच नाही. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांनी पैसे थांबल्यावर फावल्या वेळात त्या कोड्यांना हात लावणं कमी केलं. आधी जे खेळ होतं त्याची मजुरी झाली.

इथल्या मुलांची अडचण वेगळीही आहे. शाळा इंग्रजी, रस्त्यावर गुजराती, टीव्हीवर हिंदी, आणि मराठी फक्त आजी रागावते तेव्हा. हिंदीमुळे देवनागरी येतेच, अडते ती गोडी. मी एक केलं: नातवाला वाचायला सांगणं बंद केलं आणि त्याला माझा वाचनिक नेमला. "माझा चष्मा सापडत नाही रे, हे एवढं वाचून दाखव." चष्मा कपाळावर असतो हे त्याला दिसतं. वाचतो तरी.

निकाल दिसत नाही तोवर टिकायचं कसं?

मोठ्या कामांचंही असंच असतं हे लक्षात ठेवून. सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण 1893 साली एकदम सगळ्या राज्यात लादलं नाही. आधी अमरेली भागात, थोड्या गावांत करून पाहिलं. सगळ्या राज्याला ते लागू झालं 1906 मध्ये. तेरा वर्षं. सगळी सत्ता हातात असलेल्या माणसालाही एका चांगल्या कल्पनेसाठी तेरा वर्षं थांबावं लागलं, आणि आपण तिसऱ्या आठवड्यात वजनकाट्यावर उभे राहून त्याला शिव्या देतो.

क्रिकेटवाल्यांसाठी दुसरं उदाहरण. मार्च 1947, रणजीचा अंतिम सामना, बडोदा विरुद्ध होळकर, सामना इथेच. बडोद्याचे तीन गडी 91 वर गेले तेव्हा गुल महंमद येऊन विजय हजाऱ्यांना मिळाले. चौथ्या गड्यासाठी 577 धावा झाल्या, गुल महंमद 319, हजारे 288. प्रथम श्रेणीत कोणत्याही गड्यासाठी एवढी भागीदारी पुढे 2006 पर्यंत कोणी ओलांडली नाही. आमचे वडील ही गोष्ट सांगत तेव्हा 577 वर थांबत. मला 91 नंतरचा पहिला चेंडू आठवावासा वाटतो. तो बहुधा नुसता अडवला असेल.

बडोद्यात अशी जागा कुठली, जिथे गेलं की काहीतरी करावंसं वाटतं?

एकच सांगायची तर मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. 1910 साली सयाजीरावांनी बॉर्डन नावाच्या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. खेड्यापाड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरत. तिथल्या पुस्तकांच्या मजल्यांना जाड काचेच्या फरशा आहेत, म्हणजे उजेड वरून खाली झिरपावा. जुनी मराठी पुस्तकं तिथे इतकी आहेत की एका जन्मात वाचून होणार नाहीत. उन्हाळ्यात बाहेर 42 अंश असताना जाऊन बसा. घरी जे पुस्तक तीन महिने उघडत नाही ते तिथे अर्ध्या तासात पुढे सरकतं. इतर माणसं मान खाली घालून वाचत असताना एकट्याने फोन काढायला संकोच वाटतो, एवढंच त्यामागचं रहस्य.

दुसरी कमाटीबाग, सकाळी सहाला. 1879 पासूनची बाग, आणि गेली वीस वर्षं मी तिथे तेच चेहरे पाहते. कोणाची कोणाशी ओळख नाही, पण एक पांढऱ्या टोपीतले आजोबा चार दिवस दिसले नाहीत तर सगळे एकमेकांना विचारतात. कोणी आपली हजेरी मनात घेतंय, एवढ्यावरसुद्धा माणूस उठून येतो.

अंगमेहनतीची हौस असेल तर दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे, प्रोफेसर माणिकरावांच्या नावाने गाजलेलं. आणि कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं. 1939 पासून पुढची काही वर्षं ते येत राहिले आणि एकेक भिंत करत गेले.

कमाटीबागेतल्या बाबासाहेबांच्या संकल्पाबद्दल सांगाल का? तीच सगळ्यात मोठी प्रेरणा नाही का?

यावर मी जरा जपून बोलते. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात बडोद्यात नोकरीवर रुजू झाले. जात कळल्यावर पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढलं, गावात कोणी खोली दिली नाही. 23 सप्टेंबरला या बागेत झाडाखाली बसून त्यांनी जो निश्चय केला त्याची आठवण म्हणून त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. ती आमच्या गावाची लाज आहे. माझ्या सकाळी न उठण्याला त्या दुःखाचा दाखला द्यायचा, हे मला अवघड जातं. तिथे जावं, उभं राहावं, आपल्या सोसायटीत आजही भाड्याने घर देताना कोणती नावं नाकारली जातात ते आठवावं.

आमच्या नियमाप्रमाणे विचारायचंच असेल, की मग पुढे काय केलं, तर तेही नोंदलेलं आहे. मुंबईला परतले, 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात शिकवू लागले आणि 1920 मध्ये अर्धवट राहिलेल्या अभ्यासासाठी पुन्हा लंडन गाठलं.

कशातच मन लागत नाही. हा आळस आहे, की आणखी काही?

दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटत असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, तर या पानावरचं काहीही करू नका. तो आळस नाही. डॉक्टरांना भेटा. कारेलीबागेत मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो आणि प्रादेशिक भाषांतही बोलता येतं. जगणंच नको वाटत असेल तर आजच फोन करा, आणि घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. आमच्या ओट्यावरच्या एका बाईंना आम्ही सगळे मिळून सहा महिने "जरा बाहेर पडत जा" असं सांगत होतो. त्यांना गोळ्यांची गरज होती.

तुम्ही स्वतः हे सगळं पाळता का?

निम्मं. मोडी शिकायचं कारण सांगते. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर शिरलं तेव्हा भावाच्या घरी तळमजल्यावर ठेवलेली पणजोबांची ट्रंक भिजली. कागद ओट्यावर वाळत घातले आणि लक्षात आलं, की घरातल्या एकालाही त्यातलं अक्षर वाचता येत नाही. त्या दिवशी सगळ्यांनाच भरून आलं. भाचा म्हणाला, "मावशी, आपण सगळे शिकू." दुसऱ्या दिवशी कोणीच काही केलं नाही, मीसुद्धा नाही. वही आणली ती पुढच्या जानेवारीत, उत्तरायणाचे पतंग उतरल्यावर.

मोडीत आधी आडवी रेघ ओढतात आणि तिला अक्षरं टांगत जातात, लेखणी शक्यतो न उचलता. ऱ्हस्व-दीर्घ एकच. शब्द कुठे संपला ते अंदाजाने ताडायचं. ट्रंकेतला पहिला पूर्ण कागद वाचायला मला अकरा दुपार लागल्या. सरकारी काहीतरी असेल, वतनाचं वगैरे, अशी घरात आशा होती. निघाला धोब्याचा हिशेब: धोतरं सात, अंगरखे चार, आणि एक उपरणं हरवल्याची तक्रार.

आता दुसरा कागद घेतलाय. पहिल्या ओळीतले तीन शब्द लागलेत, चौथा बहुधा "गूळ" आहे.